एक सीट कमी

आमच्या गावी पाहुण्यानं यायचं कसं, हे बाबांनी फोनवर नीट समजावलं होतं: गोंदियापर्यंत एक्सप्रेस, तिथून पॅसेंजरनं सालेकसा, मग स्टेशनाबाहेर काळी-पिवळी जीप. मला बघायला पुण्याहून मुलगा आणि त्याची आई येणार होते. पॅसेंजर उशिराच येणार या भरवशावर मी सकाळी सालेकशाच्या पार्लरमध्ये जाऊन बसले. नेमकी त्याच दिवशी ती वेळेवर आली.

स्टँडवर आले तर गच्च जीपमध्ये ते दोघं. फोटोतला चेहरा मी लगेच ओळखला आणि डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून झाडामागं सरकले. त्यांच्याआधी घरी पोचायचं होतं, पण दुसरी जीपच नव्हती. आणि आमच्याकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही, मग आत नवरदेव का बसलेला असेना.

ड्रायव्हर गावातलाच. "काऊन उभी राहून राहिली वो? बस ना, एकच सीट कमी हाय."

बसले, ती नेमकी मुलाच्या आईशेजारी.

"तू तिथलीच का गं? तलावाजवळच्या घरातली मुलगी बघायला चाललोय. कशी आहे?"

मी काय सांगणार? म्हटलं, "बरी आहे. बडबडते फार. भात चांगला करते, पण पोळ्या वाकड्या."

"पोळ्या मी करतो," मुलगा मागून म्हणाला.

ड्रायव्हर आरशात बघून खोकला. मला तो फार आवडला. म्हणजे मुलगा.

तलावाच्या अलीकडेच उतरले आणि जीप वळसा घालून येईपर्यंत धानाच्या शेतातल्या धुऱ्यावरून पळत मागच्या दारानं घरात शिरले. चहा घेऊन बाहेर आले, नाव सांगितलं, तशी त्याच्या आईनं झटकन मान वर केली. स्कार्फनं चेहरा झाकला होता, आवाज कुठं झाकला होता? त्यांनी चहा संपवला, "कळवतो" म्हणाल्या आणि उठल्या. "कळवतो" म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. जिभेला हाड नाही माझ्या, स्वतःचंच स्थळ मोडलं. रडूच येत होतं.

बाबा आणि मी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेलो.

"एक सीट कमी हाय," ड्रायव्हर म्हणाला आणि बेरकीपणे माझ्याकडं बघू लागला.

मुलाच्या आईनं रिकाम्या जागेवर आपली पिशवी ठेवली. "या सीटचं भाडं मी देते, निघा. पुढच्या खेपेला ही सीट इथूनच भरून न्यायची आहे."

बाबांना काही कळलं नाही. मला कळलं, ड्रायव्हरला कळलं, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं.