गाठीवाले गुरुजी

कडेकडेने चालून रान मोजता येतं, असं मला एके काळी वाटत होतं. आणि मी मॅट्रिकला भूमितीत शाळेत पहिली आलेली! भाटघरच्या पाण्याकाठी सासरी आले तेव्हा माझ्या ट्रंकेत दोनच मौल्यवान गोष्टी होत्या, कंपासपेटी आणि शिष्टपणा. कंपासपेटी वर्षभरात गंजली. शिष्टपणाला गंज चढत नाही.

आमच्या गावच्या शाळेतले गाठीवाले गुरुजी मूळचे वेल्ह्याकडच्या पासलीचे. खिशात कायम सुताची दोरी, तेरा गाठींची. दोन गाठींमधलं अंतर सगळीकडे सारखं, म्हणजे बारा अंतरं. तीन, चार आणि पाच अशा तीन बाजू धरून ताणली की एका कोपऱ्यात काटकोन उभा. पोरांना अंगणात ती धरायला लावून सांगत, "कंपास मागनं आला रं, आदी दोरी आली. मिसर देशात नदीला पूर यायचा, बांध पुसून जायाचं, मग दोरीवाली मानसं रानं आखायची. आपल्याकडं यज्ञाची वेदी दोरीनंच आखत. मग आलं ग्रीक. त्येंनी इचारलं, ह्ये असंच का? मोजनाऱ्याला रान मिळालं, इचारनाऱ्याला भूमिती."

बिंदू कसा असतो, हे ते स्वतःकडे बोट दाखवून शिकवत. "लांबी न्हाई, रुंदी न्हाई, फकस्त जागा. घरातल्या म्हाताऱ्यावानी." तेव्हा ते जेमतेम चाळिशीचे असतील.

मिसर देशातलं ते आमच्याकडे दरसाल घडायचं. धरणाचं पाणी उतरलं की गाळाची जमीन उघडी पडायची. बांध नाही, खूण नाही. काठावरची घरं ती सारखी वाटून घ्यायची आणि आखणी गुरुजींची. त्यांच्या दोरीपुढे कुणी तोंड उघडत नसे.

एका वर्षी ऐन पेरणीला गुरुजी तापाने आडवे झाले. सासरे म्हणाले, "सूनबाई शिकल्यात. त्या मोजत्याल." मी पदर खोचला. आमच्या आणि शेजारच्या सोनाबाईच्या वाट्याची आखणी राहिली होती. सोनाबाई विधवा, पदरात दोन मुली. त्यांचं वर्षाचं तेल त्या गाळातल्या भुईमुगावर. वरच्या अंगाला मी आमचं रान काढलं, वीस पावलं लांब, वीस रुंद. पाण्याच्या कडेला तिची पट्टी, तीस लांब, दहा रुंद. दोन्हींच्या भोवती फिरून आले. ऐंशी पावलं आणि ऐंशी पावलं. "सारखं!" मी जाहीर केलं. लोकांनी माना डोलावल्या, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सोनाबाईने पेरलं आणि चौथाई बी उरलं. रान किती ते बियाण्यावरून ओळखायची आमच्याकडे जुनी रीत. ती उरलेलं बी पदरात घेऊन गुरुजींच्या अंथरुणापाशी गेली.

गुरुजींनी मला बोलावलं. दोरीची टोकं बांधून गोधडीवर चौकोन मांडला, प्रत्येक बाजूला तीन अंतरं. "आत घरं किती बसतील?" "नऊ." मग तीच दोरी ओढून पाच लांब, एक रुंद केली. "आता?" "पाच." ते म्हणाले, "कड म्हंजी रान न्हवं, पोरी."

ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. संध्याकाळी ते घोंगडी पांघरून देवळापुढे आले आणि चारचौघांत म्हणाले, "सूनबाईला म्याच तसं मोजाया सांगितलं. तापात चुकलं माझं." मी खांबाआड उभी. पायाला मुंग्या येतात तशी जीभ बधिर झालेली. लाज वाटली असं लिहिलं तर शोभेल, पण खरं सांगते, काहीच वाटलं नाही. सासरे म्हणाले, पेरलेलं रान मोडायचं नाही. विषय मिटला.

पुढच्या साली गुरुजींना कुणी बोलावलं नाही. चिठ्ठ्या टाकून वाटे पडले. दोरी शाळेपुरती उरली. दोन वर्षांनी त्यांची वेल्ह्याकडे बदली झाली. एसटीपाशी मी पाया पडले. तेव्हाही त्यांनी तो विषय काढला नाही. "इचारीत जा," एवढंच म्हणाले.

यंदा ते गेले. दहाव्याला मी पासलीला गेले. नदीकाठी बसून राहिले. डोळ्यांत पाणी नाही, मनात शब्द नाही, पिंडाभोवती फिरणाऱ्या कावळ्यांकडे नुसती बघत होते. सोनाबाईही आली होती, पार वाकलेली. तिच्याशेजारी सरकले आणि इतक्या वर्षांनी तोंड उघडलं.

"सोनाबाई, गुरुजींनी तेव्हा मला काही सांगितलं नव्हतं. मीच माझ्या मनाने मोजलं होतं."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत चढवला.

"गुरुजी खोटं बोलत्यात ह्ये मला तवाच कळलं व्हतं. तू कवा येतीस त्येची वाट बघत व्हते मी. लई उशीर केलास, बाई. आता शेंगा चावायला दातबी ऱ्हायलं न्हाईत."