माझ्या नावानं दिलेलं रक्त

आमच्या विद्यापीठात व्यायामाचं आणि आरोग्याचं केंद्र बांधायचं ठरलं, तेव्हा त्याची फाईल माझ्याच टेबलावरून गेली. सुखासुखी गेली नाही. मी इंजिनिअरिंग सेक्शनचा सुपरिंटेंडेंट. नकाशा बघून माझं डोकंच फिरलं. भिंती खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या, त्यांना गिलावा नाही. एसी नाही. खिडक्यांच्या जागी विटांची जाळी. मध्ये चौक, चौकात फणसाचं जुनं झाड, आणि ते तोडायचं नाही म्हणून अख्खी इमारत त्याच्याभोवती वळवलेली. न्हाणीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून बागेला सोडायचं. मी शेरा मारला, आमच्या गावी गोठ्यालासुद्धा गिलावा असतो. आर्किटेक्ट बाई तो वाचून हसल्या आणि म्हणाल्या, "सर, म्हणूनच तुमच्या म्हशींना उकडतं." मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही.

इमारत झाली. एप्रिलात पंखा न लावता आत गार असतं, असं जो तो येऊन मला सांगायचा, जणू मीच ऊन पाडत होतो. मी काही आत पाऊल टाकलं नाही. लोकांना वाटायचं, गिलाव्याचा राग आहे. राग होताच. पण खरी गोष्ट वेगळी होती. त्या केंद्रात शिरल्या शिरल्या डॉक्टरांची खोली होती, आणि तिथं रक्त तपासत.

माझे वडील गुंजीजवळच्या आमच्या गावात शेती करायचे. शुगरनं त्यांचा पाय गेला. बेळगावच्या दवाखान्यात पाय कापायच्या कागदावर सही मी केली. त्या दिवसापासून मी स्वतःचं रक्त कधी तपासून घेतलं नाही. पन्नाशी उलटली, पोट सुटलं, बायको सांगून सांगून थकली. हात दाखवून अवलक्षण कशाला, हे माझं ठरलेलं उत्तर.

मग सर्क्युलर आलं. कायम नोकरीतल्या सगळ्यांनी केंद्रात येऊन उपाशीपोटी रक्त द्यायचं. शुक्रवारी आमच्या सेक्शनची पाळी. गुरुवारी रात्री मला डोळा लागला नाही, आणि सकाळी मी जे केलं ते आमच्याकडं पोरं हजेरीला करतात तेच. दुसऱ्याला उभं केलं.

तो दुसरा म्हणजे आमच्या सेक्शनचा अटेंडर, शिपाईच. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, कंत्राटी, म्हणून त्याचं नाव तपासणीच्या यादीत नव्हतंच. सांबऱ्याच्या अलीकडच्या गावातून रोज सायकलवर यायचा. अंगावर मूठभर मांस नाही. चारचौघांत मला सर म्हणायचा, एकटा असला की अण्णा. मी त्याला विचारलं, "सकाळधरनं काय खाल्लंस?"

"काय न्हाय. च्या बी न्हाय अजून."

"मग माझी तपासणीची चिठ्ठी घे आणि माझ्या नावानं जरा टोचून घेऊन ये. मला तिथलं बघवत न्हाय."

"एवढंच व्हय," म्हणाला आणि गेला. रक्त घेणारी माणसं बाहेरच्या लॅबची होती, तोंडं कुणाची ओळखणार? पंधरा मिनिटांत परत आला. मी त्याला इडली खायला घातली. वर शहाणपण केल्यासारखा दिवसभर खूष होतो.

शनिवारी केंद्रातल्या डॉक्टरबाईंचा फोन आला. धारवाडकडच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. कानडीत "बर्री सर," म्हणाल्या, मग मराठीत, "येऊन भेटा. शुगर तीनशेच्या वर आहे. उशीर करू नका."

फोन ठेवला आणि माझा जीव भांड्यात पडला. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. पहिला विचार एवढाच आला, माझं नाही. ही शुगर माझी नाही. मी चक्क चहा मागवला. तो घेऊन आला तो अटेंडरच. कप ठेवताना त्यानं काखेतली बाटली काढून घटाघटा पाणी प्यायलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहा महिने मी ह्या माणसाला ओरडत होतो, की सारखा कुठं जाऊन बसतोस रं, हाक मारली की जागेवर नसतोस. दिवसाला तीन-तीन बाटल्या पाणी प्यायचा. वडिलांचंही तसंच सुरू झालं होतं.

तरीही मी बोललो नाही. सांगायचं म्हणजे आधी स्वतःची लबाडी सांगायची. सुपरिंटेंडेंट माणूस, सगळ्यांच्या रजेच्या अर्जात खोट काढणारा. सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारपर्यंत मला शुगर निघाल्याची बातमी सगळ्या ऑफिसात झाली होती. एकानं कारल्याचा रस आणला, दुसऱ्यानं जांभळाच्या बियांची पूड. घरी बायकोनं डोळे पुसत साखरेचा डबा माळ्यावर टाकला. मी सगळ्यांची कीव मुकाट्यानं घेत बसलो. आणि सगळ्यांत जास्त धावपळ त्याची. मला जिना चढू देईना, फायली स्वतः वर नेऊन देई. स्वतः धापा टाकत होता.

मंगळवारी दुपारी मी डबा उघडला तर तो शेजारी येऊन उभा राहिला. "अण्णा, भिऊ नगा," म्हणाला. "लई लोकास्नी असती. त्या केंद्रात चालाय जावा म्हंत्यात. मी येतो की सोबत."

मी डबा झाकला. मी त्याला बाहेर पायरीवर घेऊन गेलो.

"रक्त कुणाचं हुतं रं?" मी विचारलं.

"माझं की. तुमच्या नावानं..." एवढं बोलून तो थांबला. मला वाटलं, शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे ती शुगर माझी."

"व्हय."

"मग तुमचं किती?"

मी चिडलो. माझं काय करायचंय तुला, आधी स्वतःचं बघ, असं काहीबाही बोललो. तो उठलाच नाही. म्हणाला, "तुमचं तपासल्याबिगर मी दवाखान्याची पायरी चढायचा न्हाय." हट्टाला पेटला की तो बैलासारखा. मी आणखी ओरडून बघितलं, काही उपयोग झाला नाही.

बुधवारी सकाळी दोघं उपाशीपोटी त्या केंद्रात गेलो. डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आधी कानडीत, मग मला नीट कळावं म्हणून मराठीत, माझी बिनपाण्यानं केली. मग त्यांनी त्याचे डोळे पाहिले, पायाला बोटं लावून पाहिलं, पुन्हा रक्त घेतलं. माझंही घेतलं. मी डोळे मिटून घेतले होते आणि त्यानं माझा दुसरा हात धरला होता.

दुपारपर्यंत थांबायचं होतं. आम्ही चौकात फणसाखालच्या कट्ट्यावर बसलो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि जाळीतून गार वारा येत होता. कबूल करतो, इमारत चांगली आहे. गिलावा केला असता तर वाटोळं झालं असतं. चौकाभोवतीच्या वाटेवरून प्रोफेसर मंडळी चालत होती. तो म्हणाला, बांधत असताना सिमेंटची पोती मोजायला आलतो, त्यानंतर आत आजच. आपल्यासाठी आहे असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या सेक्शनमध्ये ते सांगायचं काम माझंच होतं.

आधी त्याला बोलावलं. शुगर होतीच, पण डोळे, पाय, किडनी सगळं शाबूत. वेळेत आलात, बाई म्हणाल्या. गोळ्या घ्या, आणि रोज इथं येऊन चाला. कुणी अडवलं तर माझं नाव सांगा. मी भिंतीला टेकलो.

मग माझा कागद आला. माझ्याच्यानं उघडवेना, म्हणून त्यानं उघडला. बोट ठेवून सावकाश वाचला, खात्री करायला बाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. माझी शुगर काठावर होती, पण अजून अलीकडं.

त्याचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. डोळ्यांत पाणी. "सुटलो बघा अण्णा," म्हणाला. सुटलो तो म्हणत होता, ज्याच्या खिशात जन्मभराच्या गोळ्यांची चिठ्ठी होती.

मला राहवलं नाही. "तो पहिला रिपोर्ट कळला तवा," मी म्हणालो, "मला आधी बरं वाटलंतं रं. माझं न्हवं म्हणून."

त्यानं कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. "वाटायचंच की. माणूस हाय. तुमच्या जागी मलाबी तसंच वाटलं असतं."

तो खोटं बोलत होता. माझा कागद वाचतानाचं त्याचं तोंड मी आत्ताच पाहिलं होतं.