डब्यातला माल कुठल्या देशाचा

त्यांना कोरडेराव हे नाव गिऱ्हाइकांनी दिले होते. वेल्डिंगच्या सामानाच्या एका दुकानात ते मालाची कोठी सांभाळत. दुकान थोरल्या भावाचे. भाऊ गेल्यावर गल्ल्यावर वहिनी बसू लागल्या आणि कोरडेराव होते तिथेच, मागच्या खोलीत, राहिले. लग्न त्यांनी केले नाही. दुकानावरच्या दोन खोल्यांपैकी एकीत वहिनी, दुसरीत ते. मी या दुकानाचे हिशेब बरीच वर्षे लिहिले, त्यामुळे पुढचे सगळे माझ्यासमोर घडले.

वेल्डिंगच्या रॉडवर एक लेप असतो. तो दमट झाला की रॉड तडतडतो आणि जोडात बारीक भोके राहतात. दुकानाची जागा रस्त्यापेक्षा खाली, भिंतींना बारा महिने ओल. पुठ्ठ्याची खोकी चार दिवसांत मऊ पडत. म्हणून माल आला की कोरडेराव त्याच दिवशी खोकी फोडत, रॉड छोट्या भट्टीत शेकत आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरत. डब्यावर खडूने फक्त जाडी लिहीत: दहा नंबर, बारा नंबर. खोकी रद्दीत जात. माल दोन देशांतून येई, पण जात एक आणि माप एक, तेव्हा रिकामा झालेला डबा हाताशी येईल त्या मालाने भरला जाई. यात वावगे काही आहे असे कोणाला वाटले नाही. उलट लांबलांबचे कारागीर याच दुकानात येत.

"कोरडेराव, माझ्या पोरांची अंथरुणंसुद्धा एवढी कोरडी नसतात हो," लोखंडी फाटके बनवणारा एक वेल्डर त्यांना नेहमी चिडवी.

"मग आण पोरांना. वरचा कप्पा मोकळाच आहे भट्टीचा."

वहिनी गल्ल्यावरून ओरडत, "गप्पा नंतर, आधी माल द्या त्याला!"

पुढे त्या दोन देशांपैकी एकाशी सरकारचे बिनसले. तिथल्या पोलादी मालावर जादा शुल्क बसले, आणि तेही नुसते बंदरावर नव्हे, तर दुकानांत पडून असलेल्या मालावरसुद्धा. परिपत्रकाची भाषा सरळ होती. खोक्यावर मूळ देशाचे लेबल असेल तर त्याप्रमाणे आकारणी. लेबल नसेल तर माल त्या देशाचाच धरायचा. शुल्क जवळजवळ मालाच्या किमतीएवढे होते. वहिनींची सगळी पुंजी त्या डब्यांत अडकलेली. निम्म्या मालाला सूट मिळाली तर दुकान कसेबसे तगणार होते. नाही मिळाली तर संपले.

"बिलं आहेत की आपल्याकडे," वहिनी म्हणाल्या.

"बिलांवर माप आहे, वजन आहे, व्यापाऱ्याचं नाव आहे," मी म्हणालो. "देश नाही. आणि असता तरी कुठल्या डब्यात काय गेलं ते कोण सांगणार?"

त्यांनी कोठीकडे मान वळवली. "भावोजी, एखादं तरी खोकं ठेवलं असेल ना तुम्ही?"

"खोकं कशाला ठेवू? ओल धरतं."

"आग लागो तुमच्या त्या ओलीला!"

शुल्क खात्याचा तपासनीस आला तो तरुण आणि मऊ बोलणारा होता. त्याने डबे उघडवले, रॉड हातात फिरवून पाहिले.

"काका, माल अगदी जपून ठेवलाय. पण हा कुठला?"

"निम्मा त्या देशाचा, निम्मा दुसऱ्या."

"त्यातला दुसऱ्या देशाचा कुठला?"

कोरडेरावांनी डब्यातला एक रॉड उचलला. मग म्हणाले, "पेटवून सांगतो."

हा त्यांचा जुना दावा होता. त्या देशाचा रॉड चिडका, तडतडणारा, दुसऱ्या देशाचा समजूतदार, असे ते गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत. तपासनिसाने थोडा विचार केला. "माझ्या गाडीत दोन्ही देशांची एकेक सीलबंद पेटी आहे. त्यातले ओळखलेत, तर मी अहवालात तसा शेरा मारतो. सूट मिळेलच असं नाही. पण शेरा मारीन."

मागच्या अंगणात मशीन लावले. वहिनी गल्ला उघडा टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. फाटकवाला वेल्डरही थांबला. तपासनिसाने रॉडच्या टोकांना आपल्यालाच कळतील अशा खुणा केल्या आणि मूठभर रॉड पुढे केले. कोरडेरावांनी ते घेतले आणि भट्टीकडे निघाले.

"अहो, कुठे चाललात?" वहिनी म्हणाल्या.

"शेकून घेतो. पेटीतल्या रॉडचा काय भरवसा?"

"तसेच लावा ना! दुकान हातचं चाललंय इथे!"

"दमट रॉडवर मी शब्द देणार नाही, वहिनी. काय ते स्वच्छ कळलं पाहिजे."

आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. रॉड शेकून आले. कोरडेरावांनी पहिला लावला. ठिणगी शांत, रेघ सरळ. "दुसऱ्या देशाचा." दुसरा लावला, तोही तसाच शांत. ते अडखळले. "हाही... दुसऱ्याच देशाचा." तिसऱ्यानंतर त्यांनी चेहऱ्यासमोरची काच खाली केली आणि जोडाकडे बघत राहिले. सगळ्या रेघा एकसारख्या होत्या.

"शेकले की सारखेच होतात," ते हळू म्हणाले. "इतकी वर्षं मी त्या देशाला नावं ठेवली. तो ओलीचा दोष होता."

"मग आता न शेकलेले लावा!" वेल्डर म्हणाला. "पेट्यांत उरले असतील की!"

तपासनीस म्हणाला, "आता त्याचा काय उपयोग? लावून ओळखतीलही. पण डब्यांतला सगळा माल शेकलेलाच आहे ना?"

मी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला आणि शेरा न मारता गेला.

सगळ्या मालावर शुल्क लागले. मी अपील लिहिले, ते फेटाळले गेले. ते फेटाळले जाणार हे लिहितानाच मला माहीत होते. शुल्कापोटी माल खात्याने नेला, भट्टी आणि मशीन भंगारात गेले, जागेचा भाडेकरार वहिनींनी सोडला. त्यांच्या लेकीच्या घरी दोघांनी जायचे ठरले. जावयाने आधीच कळवले होते की खोली एकच आहे, काकांना बाहेरच्या पॅसेजमध्ये झोपावे लागेल. "चालेल," एवढेच कोरडेराव म्हणाले. दुसरीकडे काम मिळते का तेही त्यांनी पाहून घेतले होते. मोठ्या गोदामांत आता माल पेटीतच राहतो आणि पेटीसकटच विकला जातो. तिथे त्यांच्या हातांना करण्यासारखे काही नव्हते.

किल्ली द्यायच्या दिवशी नवी भाडेकरू आली होती. तिला तिथे पडद्यांचे दुकान काढायचे होते. तिने नाकाला पदर लावला आणि कोरडेरावांना विचारले, "काका, हा जळका वास जाईल ना हो?"

"जाईल," ते म्हणाले. "दोन हात रंग दिलात की काही राहत नाही."

टेम्पोत चालकाशेजारी एकच जागा होती. तिथे वहिनी बसल्या. कोरडेराव मागे, गाठोड्यांमध्ये चढले.