वांग्यांना सलाईन

आधी ते चहाचे कप खाली ठेवा बघू. ठसका लागला तर माझी जबाबदारी नाही. असा गाढवपणा केलाय मी, की मुरुडच्या बाजारात अजून लोक मला बघून माना टाकल्याचं नाटक करतात!

त्याचं असं झालं. आम्ही घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देतो. लोक येतात ते अर्थात माझ्या बायकोच्या, मंदाच्या हातचं जेवायला. त्या शनिवारी पुण्याहून बारा बायका येणार होत्या. पहिल्यांदाच घर भरणार! मंदाचे पाय जमिनीवर नव्हते. सुरमई, सोलकढी आणि परसातली ताजी वांगी, असा बेतही ठरला. आणि नेमकं तिला भाचीच्या लग्नाला म्हसळ्याला जावं लागलं.

जाताना बजावून गेली, "वांग्यांना रोज पाणी घाला. एक जरी रोप मेलं ना, तर माझ्याशी गाठ आहे!"

मी अतिउत्साही माणूस. पहिल्याच दिवशी खत म्हणून सुक्या मासळीचा चुरा घातला, चांगला ढीगभर. त्यात मे महिन्याचं ऊन. रोपांनी माना टाकल्या. आता विहिरीवरून कळशा वाहायच्या? माझी कंबर काय सरकारी आहे?

मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. पाण्याची बाटली उलटी टांगा, तिला सलाईनची नळी जोडा, झालं घरच्या घरी ठिबक सिंचन! मी गंजीफ्रॉकवरच अन्वरच्या मेडिकलमध्ये धडकलो.

"अन्वर, सलाईनच्या नळ्या दे. वीस!"

"वीस? भाऊ, कुणाला?"

"अरे, घरी सगळ्यांनीच माना टाकल्यात."

"या अल्ला! कशानं?"

"मासळीनं! काल मीच घातली, जरा जास्तच झाली. मंदा म्हणाली होती, उन्हाळ्यात मासळी घालू नका. ऐकतंय कोण!"

"डॉक्टर कोण बघतोय?"

"डॉक्टर कशाला? मोबाईलवर बघून मीच लावतो."

"आणि सुया?"

"सुया कापून टाकायच्या. डायरेक्ट खाली, मुळाशी सोडायचं!"

अन्वर पांढराफटक. मला वाटलं, माझ्या अकलेनं दिपला. त्यानं होत्या नव्हत्या तेवढ्या नळ्या काढून दिल्या. शेजारी आमची मासळीवाली गोदामावशी डोकेदुखीची गोळी घ्यायला उभी होती. मावशीला काही कळलं म्हणजे देवळाच्या भोंग्यावरून सांगितल्यासारखंच. पण मला काय कल्पना? मी शीळ घालत घरी आलो.

कपडे वाळत घालायच्या दोरीवर बाटल्या टांगल्या, नळ्या सोडल्या. थेंब पडेल तर शपथ! नळीवरचं चाक फिरवलं, बाटलीला टपल्या मारल्या, शेवटी विनवण्या केल्या, यात दोन-अडीच तास गेले. इतक्यात दार धाडधाड वाजलं.

दारात बाहेरगावच्या शिबिरातून बोलावून आणलेल्या आरोग्य केंद्राच्या सिस्टर, मागे अन्वर, त्याच्या मागे गोदामावशी आणि अर्धी आळी. सगळे माझं ठिबक बघायला आले! ऊर भरून आला हो माझा.

"काका, कुठे आहेत सगळे?" सिस्टर धापा टाकत म्हणाल्या.

"मागे परसात."

"परसात? एवढ्या उन्हात?"

"मग काय बेडरूममध्ये झोपवू? दोन तर सकाळीच गेली."

"गेली? आणि... तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? खड्ड्यात टाकली. खत तरी होईल!"

सिस्टर मटकन पायरीवर बसल्या. गोदामावशीनं गळाच काढला, "अरं मेल्या, पावन्यांना इख घालून खड्ड्यात टाकलंस व्हय!"

पाहुणे? कुठले पाहुणे?

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. उतरली कोण? मंदा! अंगावर लग्नातली पैठणी, केसांत अक्षता. गावानं तिला फोन करकरून मांडवातून उठवलं होतं. ती तडक परसात गेली, तिच्यामागे सगळी वरात.

दोरीवर माझ्या बनियनशेजारी रांगेनं बाटल्या लटकत होत्या आणि खाली वांग्यांना सलाईन लागलं होतं. मग अन्वर जो हसत सुटला, तो पेरूच्या झाडाला धरूनच उभा राहिला. सिस्टरांना तर डोळे पुसायला पदर पुरेना.

मंदा हसली नाही. केसांतला आकडा काढून तिनं एका बाटलीच्या बुडाला भोक पाडलं. टप, टप, टप!

"हवा आत जायला वाट लागते," ती म्हणाली. "डोक्यात एवढी भरलीय, त्यातली थोडी बाटलीत सोडायची होतीत!"

तोच तिचा फोन वाजला. पुण्याच्या बाई! शेजारच्या लॉजवाल्यानं त्यांच्यापर्यंतही बातमी पोचवली होती. मंदाच्या मासळीनं माणसं दगावली म्हणे! त्या येणं रद्द करायला निघाल्या होत्या. मंदाचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता या विहिरीतच उडी मारावी. एवढी वर्षं चुलीपुढं उभं राहून कमावलेलं नाव, आणि मी ते एका दिवसात मातीत घातलं!

मंदानं माझ्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "ताई, निर्धास्त या. माझ्या घरी जेवण कधीच नासलं नाही. नासलाय तो नवरा, आणि तो मी पानात वाढत नाही!"

पलीकडे जो काही हशा पिकला! शनिवारी बाराच्या बारा आल्या. बॅगाही खाली ठेवल्या नव्हत्या, तोच त्यांच्या म्होरक्या बाईंनी मंदाला विचारलं, "तो नासका कुठाय? आधी तो दाखवा, समुद्र मग बघू!"