हेडसरचा पेन आणि मॅडमची सही

स्टाफरूममधले किस्से कोणी जमवत नाही, ते खडूच्या भुकटीसारखे आपोआप साचतात. आमच्या सिहोऱ्याच्या शाळेत एकट्या हेडसरच्या नव्या फाउंटन पेनने एका आठवड्यात जेवढे दिले, तेवढे बाकी स्टाफला दहा वर्षांत जमले नाहीत.

पेन जावयाने दिलेला. सोमवारी हेडसरनी जाहीर केलं की आता सही शाईनेच. पण पेन एक रेघ ओढेना, आणि त्यात अडकल्या रामटेके मॅडम. त्यांची भंडाऱ्याला बदली झालेली, नवरा अन् लेक तिकडेच. शनिवारपर्यंत रुजू झाल्या नाहीत तर ऑर्डर रद्द. कार्यमुक्तीच्या कागदावर हेडसरची एक सही, बस!

हेडसर म्हणाले, पेन चालू दे, लगेच करतो. शाळेचं सगळं ऑनलाइन काम मॅडमच करतात, हे तेवढं बोलले नाहीत.

*

पहिली तपासणी मी केली. कार्ट्रिज नुसतं आत ठेवलेलं, दाबलेलंच नव्हतं. म्हटलं, सर, जोरात दाबा, त्याचं तोंड फुटल्याशिवाय शाई उतरत नाही. सर माझ्यावरच उखडले.

"सील फोडलं तर वॉरंटी जाते ना! तुम्ही मले शिकवून राहिले का?"

*

मंगळवारी आमचे क्लार्क लांजेवार बाबू पुढे आले. सरांचा डोळा चुकवून कार्ट्रिज दाबलं, पेन उचलून झटकला. सरांच्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून पोटापर्यंत निळे ठिपके.

"शाई तर येऊन राहिली सर," बाबू शांतपणे म्हणाले. "फक्त कागदावर येत नाही."

*

बुधवारी सरांनी ठरवलं, शाईच खराब आहे. सिरिंजने कार्ट्रिजमध्ये शिक्क्याच्या पॅडची शाई भरली. शिक्का उमटते, मग सही काहून उमटणार नाही, हा त्यांचा हिशोब. ती घट्ट शाई निबमध्ये चिकटून बसली. मग ती सुटावी म्हणून खोबरेल तेल! गुरुवारी पेन कागदावरून असा सुळकन गेला की विचारू नका. लिहिलं काहीच नाही, पण स्मूथ आहे असं सगळ्यांनी कबूल केलं.

*

त्याच दुपारी मॅडमनी बॉलपेन पुढे केला. सर म्हणाले, शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे. अन् दहा मिनिटांनी पोरांची खिचडी चाखून तिच्या रजिस्टरवर त्याच बॉलपेनने सही केली! माझं डोकंच फिरलं. विचारलं, ही सही नाही का?

"ही चवीची नोंद आहे."

*

शुक्रवारी मॅडमनी पेन स्वतःच घेतला. विज्ञानाच्या बाई त्या. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, पाणी स्वच्छ निघेपर्यंत निब धुतली, पुसली, नवं कार्ट्रिज टक् वाजेपर्यंत दाबलं. पेन दहा मिनिटं निब खाली करून पेल्यात उभा ठेवला. मग एक घडी केलेला कागद सरकवला आणि म्हणाल्या, सर, चालवून पाहा.

सरांनी आधी "श्री" लिहिलं. शाई आली! खूश होऊन त्याखाली, नवा पेन हाती आला की आपण सगळेच करतो तशी, आपली वळणदार सही ठोकली. मॅडमनी कागदाची घडी उघडली. कार्यमुक्तीचा आदेश. सर तोंड उघडेपर्यंत बाबूंनी शिक्का मारलासुद्धा.

शनिवारी भंडाऱ्याच्या ऑफिसात तिथल्या बाबूने कागद उलटसुलट करून विचारलं, सहीच्या डोक्यावर हे "श्री" कायले?

मॅडम म्हणाल्या, "आमचे हेडसर देवाचं नाव घेतल्याशिवाय कोणालेच सोडत नाहीत."