जोडीकाकांच्या घरचं जेवण

जोडीकाका कुणाचंही नाव विचारण्याआधी विचारायचे, "तुझ्या घरी जेवायला कधी येऊ?" नव्या पोरांना वाटायचं, म्हातारा हावरट आहे. मलाही वाटलं होतं.

राहायला ते फणसवाडीत. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. दर रविवारी बसने नायगावला, आमच्या बीडीडी चाळीतल्या मंडळाच्या खोलीत यायचे आणि आम्हा पोरापोरींची एकेका नोकरदार माणसाशी जोडी लावून द्यायचे. अभ्यास, मुलाखत, घरातली कटकट, काहीही त्या माणसाला विचारायचं. जोडी आपल्यातल्याच कुणाशी लागायची नाही, हा नियम. माझी मैत्रीण रुखसाना दादरच्या एका बँकेतल्या देशपांडे मॅडमच्या वाट्याला गेली. आणि शिकवायला बसण्याआधी मोठ्याने मुलाच्या घरी जेवायचं, मग मुलाने मोठ्याच्या. "पोटात गेल्याशिवाय डोक्यात जात नाही," असं काका म्हणायचे.

बहुतेक जोड्या पहिल्या जेवणालाच मोडायच्या. कुणाला ऐनवेळी उपास निघायचा, कुणाची आई आजारी पडायची. काका हसायचे. "बरं झालं, लवकर कळलं. नाहीतर वर्षभर नुसतं इंग्रजी शिकवत बसला असता."

माझी जोडी त्यांनी स्वतःशीच लावली. आम्ही बौद्ध, बाबा बसवर कंडक्टर. काका येणार म्हणून आईने वरणभात केला आणि सकाळची बोंबलाची चटणी फडताळात दडवली. काकांना वासावरून कळलं.

"ते काय लपवलंत?"

"तुम्हाला चालतं का पण?" आई गोंधळली.

"चालत नाही, म्हणून तर आलोय ताई. वाढा."

नाकाडोळ्यांतून पाणी गाळत त्यांनी ती संपवली. त्या दिवसापासून आईच्या लेखी ते घरचे झाले.

आता पाळी त्यांच्या घरची. मला त्या जेवणाची फार ओढ होती. पक्वान्नांची नाही, काकांच्या शेजारी पाटावर बसायची. पण आधी घराला रंग निघाला, मग पितृपक्ष लागला, मग सुनेकडचे पाहुणे आले. "पुढच्या रविवारी नक्की." शेवटी त्यांनी मला ठाकूरद्वारच्या एका हॉटेलात थालीपीठ खाऊ घातलं, वर पीयूष पाजलं. मी म्हटलं, "झालं ना काका, तुमच्याकडचं जेवण?" ते एकदम गंभीर झाले. "नाही. हे धरायचं नाही." सबबी सांगायचे, पण स्वतःला त्यातून सूट द्यायचे नाहीत.

बारावीचा निकाल लागला तेव्हा मी न कळवताच पेढे घेऊन फणसवाडीत गेले. सून बोलायला गोड. "बाबा खाली गेलेत, येतीलच हं," म्हणाली. आत टेबलावर स्टीलचे पेले चकचकत होते. मला तिने दारातच कागदी कपात पाणी दिलं आणि पेढ्यांचा बॉक्स चपलांच्या कपाटावर ठेवायला सांगितला. तेवढ्यात काका जिना चढून आले. त्यांनी कप पाहिला, पेढे पाहिले. माझ्या हातातला कप घेऊन माझं उरलेलं उष्टं पाणी ते सुनेसमोर प्यायले, आणि मला खाली सोडायला आले. जिन्यात म्हणाले, "घर आता त्यांचं आहे गं. माझी दारावर नुसती पाटी."

मला भयंकर राग आला. परक्याच्या घरी बोंबील खाणारा माणूस स्वतःच्या सुनेला एक शब्द बोलू शकला नाही. तो राग अजून गेलेला नाही. मायाही गेलेली नाही, हीच पंचाईत.

मग पुनर्विकासासाठी आमची चाळ पाडली. खोली गेली, पोरं जिथे भाड्याचं घर मिळालं तिथे पांगली. शिकवणारे उरलेले दादा-ताया आपापल्या कंपनीच्या कार्यक्रमांत व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन करू लागले. त्यात जेवायची भानगड नाही, वर प्रमाणपत्रही मिळतं. काका मात्र रविवारी येऊन पत्र्याच्या कुंपणापाशी रस्त्यावरच्या बाकावर बसायचे. मी जमेल तेव्हा जायचे, दुसरं कुणी यायचं नाही. एकदा म्हणाले, "उलट केलं मी सगळं. आधी माझ्या घरी ताट मांडायला हवं होतं, मग नायगाव गाठायचं." त्यानंतर त्यांचे गुडघे गेले आणि येणं थांबलं. गेल्या वर्षी तेही गेले.

त्यांच्या मुलाने फोन केला. "बाबांचा तुम्हा मुलांवर फार जीव होता. तेराव्याला जेवायला या." मी आणि रुखसाना गेलो. आत नातेवाइकांची पंगत बसली होती, शेजारी एक पाट रिकामाही दिसत होता. सून लगबगीने बाहेर आली, डोळे रडून सुजलेले. "घरात जागा नाही हो, म्हणून तुमचे डबे भरूनच ठेवलेत." जिन्यात आमच्या हातात दोन डबे आले. मनात काही वाईट नव्हतं तिच्या. तेच जास्त लागलं.

घरी आईने डबा उघडला. मसालेभात, जिलबी, सगळं निगुतीने भरलेलं.

"जेवलीस ना गं, शेवटी काकांकडं?" तिने विचारलं.

"नाही आई," मी म्हटलं. "हे धरायचं नाही."