काचेच्या कडेचं नाव

सत्तेचाळीस सालच्या चौदा ऑगस्टला, भर दुपारी, साताऱ्यात दोन माणसांवर अन्याय झाला. एक जहाजवाले अण्णा आणि दुसरी उंब्रजची कोंडाक्का. उत्सवाच्या गडबडीत तो कुणाला दिसला नाही, असं आता सगळे सांगतात. मी ते ऐकून घेणार नाही. मी त्याच खोलीत बसलो होतो.

अण्णा फोटोग्राफर. साताऱ्याला समुद्र नाही, तरी गाव त्यांना जहाजवाले म्हणे, कारण त्यांच्या स्टुडिओत पडदा एकच आणि त्यावर तीन डोलकाठ्यांचं जहाज. सांगलीची एक नाटक कंपनी मोडली तेव्हा त्यांनी तो उचलला होता. लढाईच्या वर्षांत पलटणीत निघालेली गावोगावची पोरं त्याच जहाजापुढे ताठ उभी राहिली. रंगवणाऱ्यानं समुद्र पाहिलेला नसावा. शिडं उजवीकडे फुगलेली आणि निशाण डावीकडे फडकणारं. रजेवर आलेला एक नाईक हसून म्हणाला, "आवं अण्णा, ह्यो वारा कुठल्या गावचा?"

"साताऱ्याचा," अण्णा म्हणाले. "हलू नका."

"हलू नका" एवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. खानावळीतून डबा येई, तो ते पडद्याकडे तोंड करून खात. मी एकदा चेष्टेत विचारलं, "काय अण्णा, बोटीवर जेवण?" घास गिळून ते म्हणाले, "भिंतीपेक्षा बरं." त्यानंतर मी ती चेष्टा केली नाही.

तेव्हा फोटो आधी काचेवर उठे. त्या काचेच्या कडेला ते सुईनं त्या माणसाचं नाव आणि गाव कोरत. कागदावर छापताना ती कड झाकली जाई. मग हा उद्योग कशाला? मला तेव्हा प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारायची खोड होती. अण्णा म्हणाले, "आपल्यात कोण आहे, ते काचेला ठाऊक असावं."

कोंडाक्काचा सदा असाच जहाजापुढे उभा राहून गेला. पुढे पत्रं थांबली आणि बेपत्ता असल्याची तार आली. तेव्हापासून ती दर बाजाराला उंब्रजहून येई, पडद्यासमोर जमिनीवर बसे आणि विचारी, "अण्णा, ह्याच जहाजातनं गेला न्हवं माझा सदा? मग ह्ये परत कवा यायचं?" अण्णा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालत. समोर गिऱ्हाईक नसलं तरी घालत.

लढाई संपली, पोरं परतली, सदा आला नाही. एके दिवशी अण्णा मला म्हणाले, "तुम्ही पत्रकं छापून आणायला मुंबईला जाता. मला बंदर दाखवा."

"कशाला?"

"तिला खोटं जहाज मी दाखवलं. खरंही मीच दाखवायला पाहिजे."

मुंबईत आम्ही बंदराची सैर करवणाऱ्या लाँचमध्ये बसलो. माणसं घारापुरीच्या लेण्यांना निघालेली, डब्यांतल्या पुऱ्या उघडलेल्या. अण्णांनी कॅमेऱ्याची तिपाई माझ्या धोतराच्या सोग्यानं बाकाला बांधली. शिडं उभारलेल्या फत्तेमाऱ्या जवळून गेल्या. त्यांच्या पलीकडे ते जहाज दिसलं. तीन डोलकाठ्या, हुबेहूब पडद्यावरच्यासारख्या, पण एकही शीड नाही. कधीकाळी ते साता समुद्रांपार जाई म्हणे. आता त्यात कोळसा साठवत होते. अण्णा कापडात शिरले आणि सवयीनं ओरडले, "हलू नका!" सगळी लाँच हसली. आमचा तांडेल सुकाणूवरून म्हणाला, "अण्णानू, ता दर्याक सांगा!" पण त्यानं इंजिन बंद केलं. एवढ्या माणसांत त्या एकट्यालाच अण्णांची गरज कळली.

परतताना अण्णा त्या जहाजाकडे पाठ करून बसले. म्हणाले, "माझी पोरं असल्यातून गेलीच नाहीत. आगबोटीनं गेली. मी त्यांना कुठं उभं केलं?"

पुढच्या बाजाराला त्यांनी कोंडाक्काच्या हातात तो फोटो दिला आणि सगळं सांगितलं. असली जहाजं आता कुठंच जात नाहीत, पडद्यावरचं कधी गेलंच नव्हतं. तिनं फोटो पुष्कळ वेळ पाहिला.

"ह्यात तर माणूसच न्हाई," ती म्हणाली. मग पदरातून घरची प्रत काढली. हात फिरवून फिरवून सदाचं तोंड पुसट झालं होतं. "मग एवढं करा, अण्णा. ह्येच्यामागचं जहाज काढून टाका. माझा सदा तेवढा मोठा करून द्या."

अण्णांनी हो म्हटलं. काच त्यांच्या फळीवर होतीच, मोठा कागद मात्र मिळेना. तेवढ्यात त्यांचं पोट दुखू लागलं आणि ते मिरजेला दवाखान्यात गेले. स्टुडिओची किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाले, "आक्काचा कागद आला तर घेऊन ठेवा."

आणि मी काय केलं? चौदा तारखेला आमच्या उत्सव समितीला पुढाऱ्यांच्या तसबिरींसाठी काचा हव्या होत्या. बाजारात काच नव्हती. कुणीतरी म्हणालं, जहाजवाल्याकडे जुन्या काचांचा ढीग पडलाय. मी किल्ली काढून दिली. सोड्याच्या गरम पाण्यात काचा पडल्या, पोरं त्यांवरचे फोटो खरवडायला बसली आणि मी त्याच खोलीत दुसऱ्या दिवसाचं पत्रक लिहीत बसलो. त्यात 'शूर जवान' हे शब्द दोनदा होते. खरवडण्याचा आवाज माझ्या कानांवर येत होता. मी मान वर केली नाही.

अण्णा परत आले. रिकाम्या फळीवरून त्यांनी हात फिरवला. मला वाटलं शिव्या देतील, मी त्या शिव्यांची वाट पाहत होतो. ते म्हणाले, "काच चांगली होती." पडदा गुंडाळून त्यांनी भिंतीला उभा केला आणि सांगलीला बहिणीकडे निघून गेले. तिथंच गेल्या थंडीत वारले. शेवटच्या दिवसांत खोलीत कुणी शिरलं की ते "नाव?" एवढंच विचारत, असं बहीण सांगते.

कोंडाक्का अजून दर बाजाराला येते. बंद स्टुडिओच्या पायरीवर बसते आणि मला विचारते, "कागद आला का रं?" मी तिला अजून सांगितलेलं नाही.

त्या तसबिरी आज तुमच्या घरांत, चावड्यांत, शाळांत आहेत. पोरांनी घाईत फक्त मधला भाग खरवडला होता, कारण कडा लाकडी चौकटीत झाकल्या जाणार होत्या. म्हणून माझं मागणं आहे, आणि ते उद्यावर टाकू नका. खिळ्यावरून तसबीर खाली घ्या. चौकट उघडा. काच उजेडाला धरा आणि कड वाचा. 'सदाशिव, उंब्रज' असं दिसलं, तर ती काच घेऊन बाजारच्या दिवशी त्या पायरीवर या. मी तिथं तिच्या शेजारी बसलेला असेन. दुसऱ्या कुणाचं नाव निघालं, तर त्याची आई शोधा.

पुढाऱ्याला चार दिवस काचेवाचून काही होत नाही.